डाळ मिलच्या हिशोबासाठी एआयकडून टूल कसं बांधून घ्यायचं

जानेवारी उजाडला की लातूरच्या एमआयडीसीत आमच्या मिलच्या गेटवर तुरीच्या गाड्या लागतात. औसा, निलंगा, रेणापूरकडचा नवा माल, बाजार समितीत सौद्यात घेतलेला माल, कधी कलबुर्गीकडची तूर, कधी मुंबई बंदरावरून आलेली म्यानमारची लेमन जातीची तूर. गेटची वही वेगळी, काट्याच्या पावत्या वेगळ्या, ओलावा बघणाऱ्या पोराची वही वेगळी आणि हमालीचा हिशोब मुकादमाकडे. संध्याकाळी ६ ला हे चारही माझ्या टेबलावर यायचं आणि मी मेळ बसवायला घ्यायचे. सीझनमध्ये रात्रीचे ९ ठरलेले.

या मिलमध्ये मी १६ वर्षं हिशोब बघते. बी.कॉम. झाले आहे, टॅली येतं, एक्सेल बऱ्यापैकी येतं, प्रोग्रामिंग कधी शिकले नाही. गेल्या २ सीझनमध्ये मी एआयच्या मदतीनं ३ छोटी टूल्स उभी केली: गाडीची आवक, हमाली आणि लॉटचा उतारा, म्हणजे तुरीच्या एका खेपेतून किती डाळ निघाली ते. ती आज रोज चालतात आणि सीझनमध्येही मी ७ च्या आत घरी पोचते. जालन्याच्या जिनिंगमध्ये, उदगीरच्या मिलमध्ये, परभणीच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात कुणीतरी असंच वह्या पुढ्यात घेऊन बसलेलं असेल. त्यांच्यासाठी मी काय केलं आणि कुठे अडकले, ते सगळं सांगते.

पहिलं काम लहान घ्या

मालकांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, सगळी मिलच त्यात का घालत नाही? मी नाही म्हटलं. रोज होणारं, एकाच पद्धतीनं होणारं आणि चुकलं तर त्याच दिवशी कळणारं काम आधी घ्यावं. आमच्याकडे ते गाडीची आवक होतं. गाडी आली, भरलेलं वजन, ओलावा, माल खाली, रिकामं वजन, कटती (वजनातून कापायचे किलो), पावती. तेवढंच.

हिशोबाच्या मूळ वह्या मात्र टॅलीतच ठेवा, त्यांना हात लावू नका. तुमची फर्म कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपण बांधलेलं टूल त्या जागी बसवायचं नसतं. टूल माहिती गोळा करतं, बेरजा लावतं, आणि दिवसाच्या शेवटी त्यातली रक्कम मी टॅलीत घेते.

आधी कागद, मग फोन

सगळ्यात जास्त वेळ मी या पायरीला दिला आणि तुम्हीही द्या. एआय कोड मिनिटभरात लिहून देतो. पण तुमच्या मिलमध्ये कटती कशी धरतात, हे त्याला माहीत नसतं. आणि विचारायला गेलं की लक्षात येतं, आपल्यालाही ते कधी कुणी लिहून दिलेलं नाही.

ओलाव्याचंच बघा. मी पहिल्या दिवशी कागदावर लिहिलं, "१२ टक्क्यांच्या वर प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे १ किलो कटती." वाचायला नियम पुरा वाटतो. मग मी ओलावा बघणाऱ्या पोराशेजारी २ दिवस बसले. १२.४ आला की तो सोडून देत होता. १२.५ ला अर्धा किलो धरत होता, १२.८ लाही अर्धाच, १३ झाला की १ किलो. मालकांना विचारलं तर म्हणाले, "अर्ध्याच्या खालचं आपण धरत नाही, वडिलांपासून असंच आहे." हा नियम कुठल्याच वहीत नव्हता. तो न लिहिता मी टूल करून घेतलं असतं तर १२.४ च्या गाडीवर ०.४ टक्के कापले गेले असते. ८४ क्विंटल ६० किलोच्या गाडीवर ते ३४ किलो होतात. ७,५०० च्या भावानं अडीच हजार रुपये माल देणाऱ्याच्या पदरातून गेले असते आणि पावतीवर सगळं नीट छापलेलं असतं.

म्हणून ज्याच्या हातून ते काम होतं, त्याच्याजवळ बसा. मालक सांगतात तो नियम आणि काट्यावर चालतो तो नियम, दोन्ही लिहा. जिथे फरक निघेल तिथे मालकांसमोर बसून एक ठरवून घ्या, आणि ठरलं ते तारखेसह लिहा. माझी ही नियमवही १४ कलमांची झाली. पुढे एआयशी झालेल्या प्रत्येक बोलण्याची सुरुवात याच वहीनं झाली.

दुसरं, नावं एक करून घ्या. आमच्या जुन्या वहीत एकच तूर ५ नावांनी होती: बीडीएन ७११, नुसतं ७११, पांढरी, बदनापूर, आणि एका जागी फक्त "बी". ७११ पांढरी आहे हे खरं, पण प्रत्येक पांढरी ७११ नसते. लाल तुरीत ७१६ वेगळी आणि बीएसएमआर ७३६ वेगळी. माणूस संदर्भानं समजून घेतो, शीट घेत नाही, आणि मग वाणनिहाय उतारा काढायला गेलं की ५ वेगळ्या ओळी दिसतात. मी वाणांची एक ठरलेली यादी केली आणि टूलमध्ये वाण हातानं लिहायची सोयच ठेवली नाही, यादीतूनच निवडायचं. माल कुठला आहे हे खात्रीनं कळत नसेल तर त्यासाठी "पांढरी, वाण माहीत नाही" असा पर्यायही ठेवला. तो नसला की माणूस जवळचं काहीतरी दाबून मोकळा होतो आणि नोंद कायमची खोटी होते.

एआयशी पहिलं बोलणं

चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी यांपैकी कुठलाही चालेल. मराठीत लिहिलेलं तिन्हींना कळतं. मी पूर्ण मराठीतच लिहिते, कारण कटती, बारदाना (मालाची पोती), थप्पी (रचलेली पोती), उतारा यांचा अर्थ मराठीतच मला नेमका सांगता येतो. फक्त पहिल्याच वेळी या शब्दांचा अर्थ एकेका वाक्यात देऊन टाकायचा.

माझा पहिला मजकूर साधारण असा होता:

"मी लातूरच्या एका डाळ मिलमध्ये हिशोब बघते. मला कोड येत नाही. गूगल शीट आणि अ‍ॅप्स स्क्रिप्ट वापरून तुरीच्या गाड्यांच्या आवकेची नोंद करायची आहे. नोंद करणारा माणूस गेटवर उभा असतो, त्याच्याकडे साधा अँड्रॉइड फोन आहे, तो मराठी वाचतो. खाली आमचे १४ नियम आणि हातानं सोडवलेली ३ उदाहरणं उत्तरासकट दिली आहेत. अजून कोड लिहू नकोस. आधी नियम वाच, आणि जिथे दोन अर्थ निघतात किंवा माहिती कमी पडते, तिथे मला प्रश्न विचार."

"अजून कोड लिहू नकोस" हे वाक्य सोडू नका. ते नसलं की एआय जिथे माहिती नाही तिथे स्वतःच काहीतरी धरून चालतो आणि सुंदर दिसणारं काम पुढे ठेवतो. प्रश्न विचारायला सांगितल्यावर मला ११ प्रश्न आले. त्यातला एक होता, भरलेलं वजन रात्री ११:५० ला झालं आणि रिकामं वजन १२:४० ला, तर पावतीची तारीख कुठली? हे आमच्याकडे दर सीझनला ८-१० वेळा होतं आणि प्रत्येक वेळी ज्याच्या मनाला येईल ती तारीख पडायची. आम्ही ठरवलं, भरलेल्या वजनाची तारीख धरायची. तो नियम १५ वा झाला.

उत्तरासकट उदाहरणं देणं हेही तितकंच महत्त्वाचं. नियम शब्दांत सांगितला की त्याचे दोन अर्थ निघू शकतात, पण सोडवलेल्या गाडीचा एकच अर्थ निघतो.

कोड ठेवायचा कुठे

मी गूगल शीट निवडली, कारण ती आधीच वापरात होती आणि वेगळा सर्व्हर, वेगळा खर्च लागत नाही. शीटच्या "एक्स्टेंशन्स" मेन्यूत "अ‍ॅप्स स्क्रिप्ट" असतं, तिथे एआयनं दिलेला कोड चिकटवायचा आणि "डिप्लॉय" करायचं, म्हणजे टूलच्या पानाची लिंक मिळते आणि ती फोनवर उघडते. कोणती फाइल, कोणतं नाव, कुठे काय चिकटवायचं हे एकेक पायरी करून सांग, असं एआयला म्हणायचं. पहिल्यांदा चालवताना परवानगी मागितली जाते आणि हे अ‍ॅप तपासलेलं नाही अशी सूचना येते. कोड आपण स्वतः आपल्या खात्यात टाकला असेल तेव्हाच पुढे जायचं. दुसऱ्या कुणी पाठवलेल्या शीटवर ही सूचना आली तर थांबायचं.

इथल्या काही गोष्टींनी माझे दिवस खाल्ले, त्या सांगून ठेवते.

कोड बदलून सेव्ह केला तरी गेटवरच्या फोनवर जुनंच पान दिसत राहतं. "डिप्लॉय" मध्ये जाऊन "मॅनेज डिप्लॉयमेंट्स" मधून नवी व्हर्जन काढावी लागते, तेव्हा त्याच लिंकवर नवा कोड येतो. मी अख्खी एक दुपार एआयला "बदल होत नाही" म्हणून सांगत होते आणि तो बरोबर असलेला कोड पुन्हा पुन्हा बदलत होता.

स्क्रिप्टचा टाइमझोन वेगळा असू शकतो. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये तो भारताचा, म्हणजे कोलकात्याचा, आहे का ते पहिल्याच दिवशी बघा. माझा परदेशातला होता आणि सकाळच्या गाड्या आदल्या दिवसाच्या तारखेवर पडत होत्या.

गेटवरचा फोन आणि ऑफिसचा संगणक दोन्हीकडून एकाच क्षणी नोंद झाली तर एकच पावती क्रमांक दोघांना मिळू शकतो. आमच्याकडे ३१८ नंबरच्या २ पावत्या निघाल्या. एआयला ही घटना जशीच्या तशी सांगितल्यावर त्यानं "लॉक" घातला, म्हणजे एक नोंद पूर्ण होईपर्यंत दुसरी रांगेत थांबते. तुम्ही ते आधीच मागून घ्या.

आणि आकडे. गेटवरच्या मामांच्या फोनचा कीबोर्ड मराठीत आहे, ते ८४६० देवनागरीत लिहितात. कोडला देवनागरी आकडा ही संख्या वाटत नाही, त्याला ती अक्षरं वाटतात. वजनाच्या जागी काहीच येत नव्हतं आणि मामा म्हणत होते, मी तर भरलं. त्यांना इंग्रजी आकडे टाका म्हणून सांगणं सोपं होतं, पण चूक त्यांची नव्हतीच. एआयला सांगितलं, हिशोबाआधी देवनागरी आकडे इंग्रजीत बदलून घे. ४-५ ओळींचं काम होतं.

लिंक कोण उघडू शकेल हे डिप्लॉय करताना विचारलं जातं. "कोणीही" ठेवलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे गेलेली लिंक खरंच कोणीही उघडू शकतो. मी प्रत्येकाला ४ आकडी पिन दिला आहे. पिन टाकल्याशिवाय नोंद होत नाही आणि प्रत्येक ओळीपुढे कुणी केली ते लिहिलं जातं. टूल माझ्या परवानगीनं चालतं, त्यामुळे गेटवरच्या माणसाला मूळ शीट दिसतही नाही.

बंद झालेल्या वहीशी मेळ

टूल तयार झालं, दिसायला छान झालं, की लगेच वापरायचा मोह होतो. थांबा. हिशोबनीस म्हणून आपल्या हातात एक गोष्ट अशी आहे जी एआयकडे नाही: गेल्या वर्षीची बंद झालेली वही. तिचे पैसे दिले गेलेत, कुणाची तक्रार उरलेली नाही, उत्तरं ठरलेली आहेत. त्या वहीतल्या गाड्या टूलमध्ये टाका आणि उत्तर जुळतं का बघा.

मी गेल्या जानेवारीच्या ४० पावत्या काढल्या. साध्यासरळ नाही घेतल्या, अडचणीच्या निवडल्या. एका गाडीत दोघांचा माल, अर्धी गाडी परत गेलेली, दोन वाणांची गाडी, मध्यरात्रीची गाडी, ओलावा नेमका १२ असलेली, ताग आणि प्लास्टिक मिसळ बारदान्याची. ३१ जुळल्या, ९ जुळल्या नाहीत.

त्या ९ पैकी ६ मध्ये एकच कारण होतं. एक उदाहरण देते. निव्वळ वजन ८,४६० किलो, तागाची १४१ पोती, पोत्यामागे १ किलो बारदाना, ओलावा १३.५. आमच्याकडे आधी बारदाना वजा होतो: ८,४६० मधून १४१ गेले, राहिले ८,३१९. त्यावर दीड टक्का ओलाव्याची कटती १२५ किलो. देणं वजन ८,१९४. टूलनं आधी ओलावा कापला होता, पूर्ण ८,४६० वर, म्हणजे १२७ किलो, आणि मग बारदाना. उत्तर ८,१९२. फरक २ किलोंचा, ७,५०० च्या भावानं १५० रुपये. पोत्याच्या तागावर ओलाव्याची कटती लागत होती! हा क्रम मी नियमवहीत लिहिलाच नव्हता, कारण १६ वर्षं हात आपोआप तसाच चालत होता. जुन्या वहीशिवाय हा फरक मला कधीच दिसला नसता. एका गाडीला १५० रुपये कुणाच्या लक्षात येत नाहीत, पण सीझनभरात ते माल देणाऱ्यांचे किती झाले असते त्याचा विचार करा.

२ पावत्या दोघांच्या मालाच्या गाडीच्या होत्या, तिथे नियमच अपुरा होता. आणि नववी पावती, त्यात टूल बरोबर होतं आणि वही चुकली होती. माझ्या हातचीच बेरीज होती. मालकांना सांगितलं, त्या शेतकऱ्याला फोन करून १२० रुपये दिले.

४० च्या ४० जुळेपर्यंत टूल गेटवर गेलं नाही. गेल्यावरही पूर्ण एक महिना वही आणि टूल दोन्ही चाललं. काम दुप्पट झालं, पोरं कुरकुरली, पण तो महिना वाचवू नका.

जुळत नसेल तेव्हा एआयला "चुकतंय, दुरुस्त कर" एवढंच सांगू नका. "या गाडीत माझं उत्तर ८,१९४, तुझं ८,१९२. तू कोणत्या क्रमानं काय वजा केलंस ते आकड्यांसह पायरी पायरीनं सांग, कोड नंतर बदल" असं सांगा. चूक त्या पायऱ्यांत स्वच्छ दिसते. एका वेळी एकच बदल करून घ्या आणि प्रत्येक बदलानंतर त्या ४० पावत्या पुन्हा चालवा. एक दुरुस्त करताना दुसरं मोडतं, हे माझ्याकडे कितीतरी वेळा झालं. पावत्या पुन्हा चालवायचं बटणही मी एआयकडूनच करून घेतलं, आता १ मिनिट लागतं. चालणाऱ्या कोडची प्रत तारीख घालून वेगळी ठेवा.

पैशांच्या बाबतीत अजून एक. संगणकात ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, शेवटी कुठेतरी बारीक शेपूट राहतं. वजन पूर्ण किलोत आणि रक्कम पूर्ण पैशांत धरून हिशोब कर, आणि रुपयात फक्त शेवटी एकदाच बदल, असं सांगून ठेवलं की टॅलीशी रुपया-रुपयाचा फरक येत नाही. आणि शेकडो ओळींची बेरीज एआयला चॅटमध्येच करायला लावू नका. त्याच्याकडून सूत्र घ्या, बेरीज शीटला करू द्या.

घट कुठे लपते

उताऱ्याचं टूल करताना मी सगळ्यात जास्त शिकले. लॉटला तूर किती लागली, डाळ किती निघाली, खंडा (तुटलेली डाळ), चुणी (बारीक चुरा), टरफल किती, आणि उरलेली घट. १०० किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ धरतात. एआयनं पहिल्या फटक्यात घट अशी काढली: तुरीतून बाकी सगळं वजा. गणित बरोबरच आहे. पण अशी घट काढली की दोन्ही बाजू नेहमी जुळतात, मग १० पोती मोजायची राहिली तरी जुळतात. वही जुळली म्हणून मन शांत होतं आणि चूक घटीच्या पोटात जाऊन बसते.

म्हणून मी घटीला मर्यादा घालायला लावली. ४ टक्क्यांच्या वर किंवा १ टक्क्याच्या खाली गेली की ओळ लाल होते आणि कारण लिहिल्याशिवाय लॉट बंद होत नाही. तिसऱ्याच आठवड्यात ३०० क्विंटलचा एक लॉट लाल झाला, घट ७ टक्के. शोधलं तर ५० किलोच्या ६० कट्ट्यांची नोंद ३० किलोचे कट्टे म्हणून झाली होती. प्रत्येकी २० किलो, एकूण १२ क्विंटल, म्हणजे नेमके ४ टक्के. डाळ गोदामातच होती. मर्यादा नसती तर त्या लॉटचा उतारा कमी दिसला असता आणि बोलणी मशिनवरच्या माणसाला बसली असती.

तुमच्या धंद्यातही अशी एक "बाकी" असते. जिनिंगमध्ये घट असेल, दुकानात फुटतूट असेल. टूलमध्ये ती आपोआप निघत असेल तर तिला मर्यादा घाला.

हमाली

इथे थोडक्यात सांगते. एआयनं दिवसाची हमाली माणशी समान वाटली. आमची टोळी वाट्यानं वाटते: पूर्ण दिवस १ वाटा, अर्धा दिवस अर्धा. ६,०५० रुपये आले आणि १० जण पूर्ण, २ जण अर्धा दिवस असले तर वाटे ११, पूर्ण वाटा ५५० आणि अर्धा २७५. समान वाटलं तर प्रत्येकाला ५०४ पडले असते आणि दिवसभर पोती वाहिलेल्या माणसाचे ४६ रुपये गेले असते. मुकादमाला समोर बसवून त्यांच्या तोंडून नियम घेतला. त्यांना फोनवरचा आकडा नको होता, रोज कागद हवा होता, म्हणून रोजची चिठ्ठी छापून देते. पहिले दीड महिने ते गोदामाच्या भिंतीवर खडूच्या रेघा मारून पोती मोजत राहिले, आणि मी रोज संध्याकाळी त्या रेघा आणि टूल जुळवलं. न जुळलं त्या दिवशी त्यांच्यासमोर पुन्हा मोजलं. ज्यांच्या मजुरीचा हिशोब आहे, त्यांच्या मोजणीला टूलनं उत्तर द्यायलाच पाहिजे.

काय द्यायचं नाही, काय विचारायचं नाही

शेतकऱ्यांचे आधार नंबर, बँक खाती, फोन नंबर, व्यापाऱ्यांचे भाव, यातलं काहीही मी चॅटमध्ये टाकत नाही. लोकांनी ती माहिती मिलला दिली आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आहे. एआयला काम करायला फक्त रकान्यांची नावं आणि १० बनावट ओळी पुरतात. "शेतकरी १", "शेतकरी २", खातं नंबर सगळा शून्य. स्क्रीनचा फोटो टाकतानाही कोपऱ्यात काय दिसतं ते बघा. आपली बोलणी प्रशिक्षणासाठी वापरू नयेत यासाठीचं सेटिंग असतं, तेही शोधून बंद करा.

कराचे नियम एआयला विचारून टूलमध्ये घालू नका. मी एकदा डाळीच्या पिशव्यांवरच्या जीएसटीचं विचारलं, तर उत्तर आलं की नोंदणीकृत ब्रँड असेल तरच कर लागतो. तो नियम जुना होता. १८ जुलै २०२२ पासून ब्रँडचा प्रश्न संपला आणि २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या मालावर ५ टक्के आला. मला ते माहीत होतं, कारण ३० किलोचे कट्टे तेव्हापासूनच वाढले. माहीत नसतं तर बिलं चुकीची निघाली असती. कराचा दर मी सीएंकडून लिहून घेते आणि तो कोडमध्ये न घालता शीटच्या वेगळ्या पानावर ठेवते, तारखेसह. दर बदलला की ते पान बदलायचं, कोडला हात लावायचा नाही. हमालीचे दर आणि कटतीची मर्यादाही त्याच पानावर आहेत.

नोंद पुसायचं बटण ठेवू नका. आमच्याकडे "रद्द" आहे. ओळ तशीच राहते, तिच्यावर रेघ येते, कुणी आणि का रद्द केली ते लिहावं लागतं. वहीत आपण खाडाखोड करत नाही, इथेही तेच.

वीज गेली तर, आणि आपण नसलो तर

वीज आणि नेट जाणारच. गेटवर क्रमांक छापलेलं हस्तपावतीचं पुस्तक कायम असतं. नेट आलं की त्या पावत्या टूलमध्ये टाकायच्या, हस्तपावतीचा क्रमांकही टाकायचा, म्हणजे एक गाडी दोनदा पडत नाही. रोज रात्री शीटची एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये आपोआप जाते, तेही एआयनं १० मिनिटांत करून दिलं.

सुरुवातीला सगळं माझ्या स्वतःच्या जीमेलवर होतं. ते बरोबर नव्हतं. मी सोडून गेले असते तर मिलची आवक माझ्या खात्यात अडकली असती. मिलच्या नावानं खातं काढलं, पासवर्ड मालकांकडे दिला, आणि तिथे सगळं नव्यानं बसवलं. शिवाय एक पानी कागद लिहिला: कुठलं बटण कशाचं, अडलं तर काय करायचं, चालता कोड कुठे ठेवलाय, नियमवही कुठे आहे. तो गेटवर आणि ऑफिसात चिकटवलाय.

फेब्रुवारीत आईच्या ऑपरेशनसाठी मी ८ दिवस सोलापुरात होते. सीझन जोरात होता. ८ दिवसांत मामांचा एकच फोन आला, "ताई, माल बघून गाडी न उतरवताच परत गेली, आता कुठलं दाबू?" रद्द दाबा आणि कारणात "माल नापसंत" लिहा, म्हटलं. परत आल्यावर ती ओळ त्या कागदात घातली.